करडईचं तेल, माकडाची पिल्लं आणि मेंदूतली चरबी



दहावीच्या वर्गात "एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून किती ऊर्जा मिळते?" असं विचारलं की शेवटच्या बाकावरूनही उत्तर येतं, "९ किलोकॅलरी!" मग मी पुढचा प्रश्न टाकते, "मेंदू कशाचा बनलेला असतो?" कुणी पेशींचा म्हणतं, कुणी प्रथिनांचा. "आणि त्यात चरबी किती असेल?" म्हटलं की वर्ग हसायला लागतो. साहजिकच आहे. आपल्या बोलण्यात चरबी एकतर पोटावर चढते, नाहीतर माणसाला चढते. दोन्ही वेळा ती उतरवायचीच असते. मेंदूत तिचं काय काम?

मेंदूतलं पाणी बाजूला काढलं तर उरलेल्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. ही पोटावर साठते तसली साठवणीची चरबी नव्हे, ती बांधकामातली आहे. प्रत्येक चेतापेशीचं पटल, चेतातंतूंवरचं मायेलिनचं आवरण, एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणाऱ्या रसायनांच्या चिमुकल्या पिशव्या, या सगळ्यात स्निग्ध रेणू आहेत. आपण जो पदार्थ इंधन म्हणून शिकवतो तो इथे वीट-माती म्हणून येतो. आणि गेल्या काही दशकांत हेही दिसलं आहे की तो जनुकांपर्यंत जाऊन त्यांच्या कामातही हात घालतो. आजचा लेख त्याबद्दल आहे. यातले बहुतेक प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, कारण माणसाच्या मुलाला वर्षभर एकच तेल देऊन मग त्याचा मेंदू तपासणं कुणालाच करता येणार नाही, आणि करूही नये.

सुरुवात १९२९ पासून करू. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या पती-पत्नींनी पांढऱ्या उंदरांना साखर, दुधातलं प्रथिन, क्षार आणि जीवनसत्त्वं दिली, पण स्निग्ध पदार्थाचा अंशही खाण्यात राहणार नाही याची काळजी घेतली. तोवरची समजूत अशी की शरीर साखरेपासून चरबी बनवतंच, मग ती वेगळी खायची गरज काय? पण काही महिन्यांत उंदरांची वाढ थांबली, शेपटीवर खवले आले, त्वचा फाटली, मूत्रपिंडं बिघडली आणि उंदीर मरू लागले. योग्य मेदाम्लाचे रोज मोजके थेंब दिले की सुधारायचे. पुढच्या वर्षी त्यांनी अशा मेदाम्लांना 'आवश्यक' म्हटलं, म्हणजे शरीर जी स्वतः बनवू शकत नाही आणि खाण्यातूनच यावी लागतात अशी.

का बनवू शकत नाही, हे फळ्यावर एका आकृतीत सांगता येतं. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. साखळीत कुठे दुहेरी बंध आला की तिथे ती वाकते. साखळीच्या शेपटाकडून मोजायला लागा. पहिला दुहेरी बंध सहाव्या कार्बनवर आला तर ते ओमेगा-६ घराणं, तिसऱ्यावर आला तर ओमेगा-३. या दोन जागी दुहेरी बंध घालणारी विकरं वनस्पतींकडे असतात, आपल्याकडे आणि उंदरांकडे नसतात. एकदा वनस्पतीने तो बंध घालून दिला की आपलं शरीर साखळी लांबवू शकतं, आणखी बंध घालू शकतं, पण एका घराण्याचं मेदाम्ल दुसऱ्या घराण्यात नेऊ शकत नाही. ओमेगा-६ चं मूळ लिनोलेइक आम्ल, ओमेगा-३ चं मूळ अल्फा-लिनोलेनिक आम्ल. एका अक्षराचा फरक आहे, मुलांचा गोंधळ होणारच. मी दुसऱ्याला वर्गात सरळ 'जवसवालं' म्हणते, कारण जवसाच्या तेलात साधारण निम्मा वाटा त्याचाच असतो. या जवसवाल्यापासून, १८ कार्बन आणि ३ दुहेरी बंधांपासून, शरीर थोडंथोडं करून २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंधांचं मेदाम्ल बनवतं. त्याचं लांबलचक नाव बाजूला ठेवू, सगळे त्याला डीएचए म्हणतात. माशांतून ते तयारच मिळतं. मेंदू आणि डोळ्याचं दृष्टिपटल या दोन ठिकाणी ते खच्चून भरलेलं असतं.

वाकडेपणाचा उपयोग काय, हे दाखवायला एक साधा उपक्रम आहे. पाच वाट्यांत तूप, खोबरेल, शेंगदाण्याचं, करडईचं आणि जवसाचं तेल घ्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तूप आणि खोबरेल दगड होतात. शेंगदाण्याचं जाडसर, गढूळ होतं. करडई आणि जवस वाहतेच राहतात. सरळ साखळ्या लाकडांच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात, वाकड्या बसत नाहीत. सहा ठिकाणी वाकलेलं डीएचए जिथे असेल ते पटल लवचीक राहणार, आणि त्यात बसलेली प्रथिनं भराभर हलू शकणार. एकदा एका मुलीने विचारलं, "मग थंड पाण्यातल्या माशाची चरबी गोठत नाही का?" प्रश्न फार चांगला होता. कार्प माशाला हळूहळू थंड पाण्यात नेलं की त्याच्या यकृतात दुहेरी बंध घालणाऱ्या विकराचं जनुक जोरात कामाला लागतं, असं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे. बाहेर गारठा पडला, आत जनुक चालू झालं आणि पटलं पातळ राहिली. चरबी आणि जनुकं यांचं काही नातं असतं हे मुलांना पहिल्यांदा पटतं ते इथे.

आता करडई. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईचे तास असायचे, काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही म्हणून. कोवळी असताना भाजी, पिकली की घाणा. त्यामुळे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात माकडांवर झालेल्या एका प्रयोगात करडईचं तेल वाचलं तेव्हा घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं, जरी भेट फारशी आनंदाची नव्हती. मार्था न्यूरिंगर, विल्यम कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ऱ्हीसस माकडिणींचे दोन गट केले. एका गटाच्या खाण्यात स्निग्ध पदार्थ म्हणून फक्त करडईचं तेल, दुसऱ्यात सोयाबीनचं. गर्भारपणाच्या आधीपासून ते पिल्लू जन्मेपर्यंत, आणि पुढे पिल्लालाही त्याच तेलाचं दूध. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर, साधारण पाऊण भाग, पण जवसवालं जवळजवळ नाहीच. सोयाबीनच्या तेलात ते सातेक टक्के असतं.

पिल्लांची नजर कशी तपासली, हे शिक्षकांना आवडेल. पिल्लापुढे दोन चित्रं धरायची, एक कोरं करडं आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. पिल्लाला पट्टे दिसले तर ते तिकडेच बघतं. पट्टे बारीक बारीक करत जायचं. जिथे पिल्लू दोन्हीकडे सारखंच बघू लागतं तिथे त्याची नजर संपली. चार आठवड्यांच्या वयात करडईच्या पिल्लांची नजर दुसऱ्या गटापेक्षा पाव हिश्श्याने कमी भरली, आणि आठ व बारा आठवड्यांना थेट निम्म्याने. दृष्टिपटलात आणि मेंदूत डीएचए फारच कमी सापडलं.

पुढे त्यांनी अशा काही पिल्लांना, ती दहा ते चोवीस महिन्यांची असताना, माशाचं तेल सुरू केलं. मेंदूच्या बाह्यस्तरातलं डीएचए बारा आठवड्यांत सोयाबीनच्या गटाइतकं किंवा त्याहून जास्त झालं. मेंदू भरून निघाला असं म्हणायला हरकत नव्हती. पण दृष्टिपटलाच्या विजेच्या प्रतिसादातला बिघाड तसाच राहिला. माल आला, पण ज्या दिवसांत तो हवा होता ते दिवस निघून गेले होते. मी ही गोष्ट सांगते तेव्हा मुलांपेक्षा स्टाफरूममधल्या बायका जास्त गप्प होतात.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे, नाहीतर उद्या कुणी करडईची बाटली फेकून देईल. त्या माकडांना दुसरा कुठलाच स्निग्ध पदार्थ मिळत नव्हता. आपल्या ताटात डाळ असते, पालेभाजी असते, दूध असतं, कुठे मासा, कुठे जवसाची चटणी. करडईचं तेल वाईट नाही, एकट्याने सगळं भागवायला ते अपुरं आहे. तसं तर शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं आणि पामतेलही ओमेगा-३ च्या बाबतीत रिकामंच आहे.

उंदरांतही हेच सापडलं, आणि एक गमतीदार तपशील वर मिळाला. फ्रान्समध्ये बूर यांच्या गटाने सूर्यफुलाच्या तेलावर उंदीर वाढवले. त्यांच्या मेंदूत डीएचए घटलं, पण रिकामी जागा राहिली नाही. तिथे ओमेगा-६ घराण्यातलं, २२ कार्बनचंच पण एक दुहेरी बंध कमी असलेलं मेदाम्ल येऊन बसलं. मिस्तरीकडे ठरलेली वीट नसली की तो भिंत सोडून जात नाही, मापाला जवळची वीट लावतो, तसं. लांबून भिंत तीच दिसते. पण अमेरिकेत नॉर्मन सेलम यांच्या प्रयोगशाळेत दोन-तीन पिढ्या ओमेगा-३ शिवाय वाढवलेले उंदीर पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा शोधायला शिकण्यात मागे पडले. पोहायला त्यांना येत होतं, जागा लक्षात राहायला वेळ लागत होता. एका दुहेरी बंधाचा एवढा फरक!

आणि आता जनुकांची गोष्ट. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. शाळेच्या ग्रंथालयासारखं समजा. कपाटातली पुस्तकं तीच, पण या महिन्यात कुठलं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं ते नोंदवहीत दिसतं. जनुकांची अभिव्यक्ती म्हणजे ही नोंदवही. २००२ मध्ये हंगेरीतल्या सेगेद इथल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूची ही नोंदवही तपासली. काही उंदरांना पेरिला नावाच्या झाडाच्या बियांचं तेल दिलं (आपल्याकडे उत्तराखंडात त्याला भंगजीर म्हणतात, त्यात जवसवालं आम्ल भरपूर असतं), काहींना माशाचं तेल, बाकीच्यांना नेहमीचं खाणं. एका चकतीवर शेकडो जनुकांची नोंद एकदम वाचणारं तंत्र तेव्हा नुकतंच हाताशी आलं होतं. दोन्ही तेलांनी मिळून ५५ जनुकांचं काम वाढलेलं आणि ४७ जनुकांचं घटलेलं आढळलं. त्यात चेतापेशींमधले सांधे बदलणारी जनुकं होती, पेशीचा सांगाडा धरणारी होती, आयनांच्या वाटा बनवणारी आणि ऊर्जेचा कारभार बघणारीही होती.

मला यातलं सगळ्यात रोचक वाटतं ते वेगळंच. मेंदूतल्या एका मोठ्या स्निग्ध गटाची एकूण मेदाम्लं मोजली तेव्हा माशाच्या तेलाचा परिणाम दिसला, पण पेरिलाच्या तेलाचा दिसला नाही. वरवर मोजलं असतं तर पेरिलाने काही केलंच नाही असं वाटलं असतं. पण एकेका जातीचे रेणू वेगळे करून पाहिले तेव्हा बदल सापडला, आणि जनुकांची नोंदवही तर दोन्ही गटांत बदललेली होती. म्हणजे खाण्यातलं तेल मेंदूत दोन प्रकारे बोलतं असं दिसतं, वीट म्हणून आणि निरोप म्हणून. निरोप पोहोचतो कसा याचा एक दुवा २००० मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून मिळाला होता. पेशीत एक ग्राही प्रथिन असतं, जे जनुकांजवळ बसून त्यांना चालू-बंद करतं. उंदराच्या मेंदूतून निघालेला कुठला रेणू त्याला जागा करतो हे शोधलं, तर तो डीएचए निघाला. कुलूप आधी माहीत होतं, मेंदूतली किल्ली चरबीची निघाली.

इथवर वाचून कुणाच्याही मनात येईल तेच जाहिरातवाल्यांच्याही मनात येतं. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर सहावीतल्या एका मुलाचे वडील मागे थांबले. मुलगा वाचताना अडखळतो, ओळ सोडतो. त्यांनी मोबाइल पुढे केला. हसऱ्या मुलाचं चित्र, मेंदूचं चित्र आणि ओमेगा-३ च्या सिरपची बाटली.

"बाई, हे बुद्धीला चांगलं म्हणतात. हजाराच्या वर जातंय. आणू का?"

"मी डॉक्टर नाही हो. पण याच्यावर मुलांचीच परीक्षा झालेली आहे, ती सांगते," म्हटलं.

ती परीक्षा ऑक्सफर्डची. सात ते नऊ वर्षांची, वाचनात मागे असलेली ३६२ मुलं. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए, निम्म्यांना तसाच दिसणारा पण डीएचए नसलेला डोस, १६ आठवडे. २०१२ मध्ये निकाल आला. सगळी मुलं एकत्र धरली तर वाचनात फरक नाही, पण सगळ्यात मागे असलेल्या मुलांत थोडी सुधारणा. मग त्यांनी अशीच मागची ३७६ मुलं घेऊन, तीच मात्रा देऊन प्रयोग पुन्हा केला. २०१८ मध्ये निकाल आला, काहीच फरक नाही. स्वतःचाच चांगला निकाल पुन्हा तपासून तो टिकला नाही असं छापणारे लोक मला फार मोठे वाटतात. आपल्या विज्ञान प्रदर्शनात कुणी असं केलं तर त्याला पहिला नंबर द्यावा.

उंदीर-माकडांचे प्रयोग खोटे नव्हते. पण तिथे तुलना होती ती जवळजवळ शून्य मिळणाऱ्यांची आणि पुरेसं मिळणाऱ्यांची. दुष्काळात पाणी दिल्यावर पीक उभं राहतं, म्हणून भिजलेल्या रानात आणखी पाणी सोडल्यावर दुप्पट पीक येत नाही. शेतकऱ्याच्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. बाटलीवर मात्र नेमकं तेच विकलं जातं.

बोलता बोलता मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई, मी, ही, दोन मुलं. धाकटा भाऊ आणि त्याची बायको. तिला सातवा चालू आहे."

"त्या काय खातात?"

ते जरा थांबले. "सगळ्यांचं झालं की बसते. आईनं तिचे मासे बंद केलेत, उष्ण पडतात म्हणून. चटणी पण नाही."

घर बंदरापासून वीस किलोमीटरवर. बाजारात तारली आणि बांगडा दोन्ही येतात, दोन्हींत तयार डीएचए. गर्भाच्या मेंदूत डीएचए साठतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत. त्या घरात बाटली येणार होती ती अकरा वर्षांच्या मुलासाठी. मी त्यांना माकडांची गोष्ट सांगितली, थोडक्यात. करडईची, पट्ट्यांची आणि उशिरा आलेल्या माशाच्या तेलाची. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आईला कोण सांगणार?" मी म्हटलं, "आशाताई येतात ना घरी? त्यांना सांगायला लावा, आणि तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना आईंच्या समोरच विचारा." सासूला सुनेने किंवा मुलाने सांगून चालत नाही, पण पांढऱ्या कोटाने सांगितलं तर चालतं, हा माझा अनुभव आहे. पुढच्या सभेला त्यांची आईच आली होती. मासे सुरू झाल्याचं तिनेच सांगितलं, जणू मुळात तिचीच कल्पना होती.

मुलाचं म्हणाल तर त्याचे डोळे तपासून घेतले, नंबर निघाला नाही. आता मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं ओळीखाली पट्टी धरून मोठ्याने वाचतो, जोडीला चौथीतली एक चुणचुणीत मुलगी बसते. अडखळणं अजून आहे, ओळ सुटत नाही.

मासे न खाणाऱ्यांसाठी जवस, अक्रोड, सोयाबीनचं किंवा मोहरीचं तेल ही साधी वाट. शरीर त्यातल्या थोड्याच भागाचं डीएचए बनवतं, मूल होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरं असतं. गरोदर बाईने मात्र जवस किती आणि कसं खायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. जवस भाजून, कुटूनच खायचं. अख्खं दाणं चावलं गेलं नाही तर आतल्या तेलासकट जसंच्या तसं बाहेर पडतं. आणि जवसाचं तेल तळणीला घेऊ नका. ते उष्णतेने लवकर खराब होतं, कारण तेच दुहेरी बंध.